बाबाच्या मागे टांगलेलं जाळं

बायको रुखमिणी दगावल्याचं कवडूला कळलं, तेव्हाही बाबाच्या अंगणात शे-दीडशे माणसं मोबाइलवर तोच व्हिडिओ पाहत होती. हळदीसारख्या पिवळ्या बाईच्या डोक्यावर बाबा हात ठेवतो, "पिवळं पळ, पिवळं पळ" म्हणतो, आणि पापणी लवायच्या आत बाईचा चेहरा स्वच्छ. तो व्हिडिओ पाहूनच कवडूने कावीळ झालेल्या रुखमिणीला दवाखान्याऐवजी इथे आणलं होतं.

वर्षभराने शेजारच्या बुधरामला कावीळ झाली. त्याची आई बायाबाई मंगळवारी त्याला बाबाकडे नेणार होती.

"काकू, नको नेऊ. माही रुखमिणी..."

"तुही श्रद्धा कमी पडली, कवडू."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तेव्हापासून या नव्या वसाहतीत सिनेमा असा नव्हताच. शहरातून येणाऱ्या कामिनी मॅडम दर रविवारी दुपारी समाजमंदिरात पडदा लावून सिनेमा कसा बनतो ते शिकवत. सहा-सात जण येत, त्यातले दोन झोपत. कवडूही येई, पण ते ऐकून त्याचं डोकं गरगरे. या रविवारी मात्र तो बायाबाईला घेऊनच आला.

मॅडमनी फोन स्टुलावर ठेवून कवडूला समोर उभं केलं. मधेच चित्रण थांबवलं, त्याला बाजूला केलं, पुन्हा सुरू केलं. पडद्यावर कवडू उभ्याउभ्या गायब झाला. लोक हसले.

"बाबा कायले शिनेमा करन?" बायाबाई म्हणाली.

कवडूने बाबाचा व्हिडिओ लावायला दिला. मॅडम म्हणाल्या, "बाबाकडे पाहू नका. बाकी सगळं पाहा."

तलावावर जन्म गेलेली बायाबाई पुढे सरकली. "थांबव. मांगं घे."

बाबाच्या मागे बांबूवर मासे धरायचं जाळं टांगलं होतं. बाबाने हात ठेवला तेव्हा त्यातून पाणी निथळत होतं. हात काढला तेव्हा ते कोरडं, वाऱ्यावर हलत होतं.

"हे जाळं वाळाले तीन-चार घंटे लागते," ती म्हणाली. "तेवढ्यात तोंडाची हळद धुऊन होते."

कवडूचाही जन्म मासेमारीत गेलेला. त्याने तो व्हिडिओ पन्नासदा पाहिला होता, जाळं एकदाही पाहिलं नव्हतं.

बुधराम त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात भरती झाला.

चमत्कार दिसला की तो कोणी आणि कसा दाखवला, हे विचारावं. आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावं. यापलीकडे कवडूला काही सांगायचं नाही. रुखमिणीला बाबाकडे नेलं त्या दिवशी त्याने तोच व्हिडिओ आठ गावांतल्या सोयऱ्यांना पाठवला होता. त्यातल्या तीन गावांत पडदा लावून ते जाळं दाखवून झालं. पाच गावं बाकी आहेत.