तांबड्या दोऱ्याची माळ

शके सतराशे सोळा, पौष वद्य द्वितीया, बुधवार. दिवस मावळायला चार घटका उरल्या असताना सुभानजींनी ताट पुढे सरकवले. आख्ख्या भाकरीतले तीन घास त्यांच्या पोटात गेले होते.

तुळजाबाईने ताटाकडे पाहिले. बकऱ्याची वजडी, कोठा आणि आतडी, तिने सकाळी खाटकाकडून आणली होती, चुन्याच्या पाण्यात धुतली होती, उलटी करून पुन्हा धुतली होती. पावटे रात्री भिजत घालून सोलले होते. एवढे करून कालवण जसेच्या तसे राहिले होते.

ती सासऱ्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. तोफांच्या पायी त्यांचा उजवा कान केव्हाच गेला होता. डाव्यात थोडी धुगधुगी होती.

"मामंजी, बिघडलं का काही?"

"चांगलं हाय," सुभानजी म्हणाले. "पर ते हे न्हवं."

"ते म्हंजी कोणतं?"

दिवाळीपासून सुभानजींचे जेवण उतरत चालले होते. आधी दोन भाकऱ्या, मग एक, मग अर्धी. गालफडे आत गेली होती, आणि अंगरख्याचे बंद आता पाठीपर्यंत गुंडाळता आले असते. मोगलाईच्या स्वारीवर तोफखान्याबरोबर निघताना तुळजाबाईचा नवरा गेनबा तिला एवढेच म्हणाला होता, "मी येईतो म्हाताऱ्याला जगव." तिने शिरा करून पाहिला, मटणाचा रस्सा करून पाहिला, वैद्याचा काढा पाजून पाहिला. शेवटी चार दिवसांपूर्वी त्यांनीच झोपेत असल्यासारखे म्हटले होते, "आतड्यात भरलेलं... पावट्यात." त्यावरून आजची वजडी.

"आतडं खायाचं नसतंय," सुभानजी आता सावकाश म्हणाले. "त्यात मांस भरत्यात. बोटाएवढं. दोऱ्यानं बांधून धुरावर टांगत्यात. मग पावट्यात टाकलं की तांबडं तेल सुटतंय. आंबट लागतंय जरा."

तुळजाबाईने ताट उचलले, ते हातातच राहिले. आतडे पोटातून काढायचे, मांस हाडावरून काढायचे, आणि मग ते पुन्हा एकमेकांत कोंबायचे, हा उद्योग कुणाला सुचला असेल?

"कोण करायचं हे?"

"पासकू."

हे नाव त्या घरात कधी उच्चारले गेले नव्हते.

"फिरंगी गोलंदाज. माझ्या तोफेवर व्हता." त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतले. "बुधवारी नदीकाठच्या जुन्या छपरात भेटायचा. दिवाळीपास्नं आला न्हाई."

दर बुधवारी सासरे बाजारात जात आणि परतल्यावर भूक नाही म्हणत, हे तुळजाबाईला ठाऊक होते. बाजारात भजी खात असतील, असे सासूबाई मरेपर्यंत म्हणत. भज्यांची गोष्ट वेगळी होती. फिरंग्याच्या हातचे खाल्ले हे खराडीच्या भावकीला कळले, तर पंगतीतून उठवतील. धाकट्या दिराचे लग्न जुळत आले होते. ते तर त्याच दिवशी मोडेल.

"तुमी त्याच्या हातचं खाल्लं, मामंजी?"

"एकाच मडक्यातलं," सुभानजी म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

भांडी घासायला ती परसात गेली, तेव्हा कुडापलीकडून शेजारच्या सोजरबाईंनी उरलेल्या कालवणाचा अंदाज घेतलाच.

"आज पण तसंच का? तुमच्या सासऱ्यांना आता पेशव्यांच्या मुदपाकखान्यातनं ताट मागवा. आपल्या चुलीचं त्यांना सोसत नाही."

"मागवलंय," तुळजाबाई म्हणाली. "तुमचंही सांगू का एक?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची कामे उरकून ती नारायण पेठेतून निघाली आणि शहर ओलांडून नागझरीपलीकडे गेली. फिरंगी गोलंदाजांची दहा-बारा घरे तिथे ओळीने होती. पासकूचे घर कोणते, हे एका म्हातारीने हनुवटीनेच दाखवले.

दार उघडेच होते. दारातून चूल दिसत होती, आणि चुलीवर आडव्या बांधलेल्या काठीवरून काळपट तांबड्या बोटांच्या माळा लोंबत होत्या. तुळजाबाई उंबऱ्याबाहेर थांबून त्यांच्याकडे पाहतच राहिली. प्रत्येक बोट दोन्हीकडून आवळलेले, मध्ये फुगलेले. तोफेत घालायच्या दारूच्या थैल्या गेनबा अशाच शिवतो, असे तिच्या मनात आले.

आतून एक काळे लुगडे नेसलेली बाई आली. वय पन्नाशीचे, गळ्यात लहानसा क्रूस. तिने तुळजाबाईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले.

"आलीस," ती म्हणाली. "मी वाटच बघत होते. आई नाही आली?"

"कुणाची आई?"

"तुझी."

"माझी आई माहेरी असते. तिचं काय काम हितं?"

बाईने एक पाट आणून अंगणात टाकला, स्वतः उंबऱ्यावर बसली. पाणी विचारले नाही. विचारले असते तर नको म्हणावे लागले असते, आणि ते दोघींनाही माहीत होते.

"पासकू गोलंदाज घरी हायेत का?"

"कार्तिकात गेला. तापानं. हे तुला ठाऊक नाही?"

तुळजाबाईने मान हलवली. आता सासऱ्यांना काय सांगायचे, हा विचार तिने तूर्त बाजूला ठेवला. आलो आहोत ते काम आधी करावे, असा तिचा स्वभाव होता.

"हे कसं करत्यात, ते विचारायला आले व्हते," तिने काठीकडे बोट दाखवले.

कतरीन, हे पासकूच्या या विधवेचे नाव, अशा प्रश्नाला तयार नव्हती. तिच्या कपाळावरची आठी जागच्या जागी राहिली, पण तोंड सांगू लागले. मांस वाटायचे नाही, चिरायचे. मीठ, मिरच्या, लसूण, मिरे आणि माडाचा शिरका घालून दोन दिवस झाकून ठेवायचे. आतडे काठीवर उलटे करून मिठाने चोळायचे. मग नरसाळे लावून अंगठ्याने भरत जायचे.

"मधी वारा ऱ्हात न्हाई?"

"राहतो. म्हणून सुईनं टोचायचं. वारा राहिला तर तिथूनच नासतं."

"आन् धूर किती दिस?"

"वाकवलं की वाकलं पाहिजे, मोडता कामा नये. दिवस कोण मोजतं?"

"मांस कशाचं?"

"डुकराचं. आणखी कशाचं?"

म्हणजे इतकी वर्षे, दर बुधवारी. माणसाला न सांगता. तुळजाबाईचा आवाज बदलला.

"आमच्या मामंजींनी जल्मात डुक्कर शिवलं न्हाई. त्यांना हे माहीत व्हतं का? का तुमच्या मालकानं तसंच खाऊ घातलं?"

"कोण मामंजी?"

"सुभानजी. तोफखान्यातले. दर बुधवारी तुमच्या मालकासंगं जेवायचे. दिवाळीपास्नं अन्न सोडल्यागत झालंय. हेच मागत्यात."

कतरीन उठून आत गेली. चुलीवरच्या काठीशी न थांबता ती मागच्या खोलीत गेली आणि तिथून एक वेगळी माळ घेऊन आली. बोटे तशीच, पण रंगाने फिकी. गाठी मात्र पांढऱ्या दोऱ्याच्या नव्हत्या; तांबड्या दोऱ्याच्या होत्या.

"हे बकऱ्याचं," ती म्हणाली. "माझं लग्न झालं तेव्हापासून दर दिवाळीनंतर तो बकऱ्याच्या तंगड्या आणायचा. त्याची सुरी वेगळी, मडकं वेगळं, आतडंही बकऱ्याचंच. डुकराला हात लावायच्या आधी हे भरून टांगायचं, असा हुकूम. चुकून एकात एक जाऊ नये म्हणून तांबडा दोरा. आणि दर बुधवारी अशा माळेतली चार कमी व्हायची."

"मग तुम्ही कधी विचारलं न्हाई?"

"विचारलं ना. म्हणायचा, तोंडातनं शब्द गेला की गावाचा होतो." कतरीनने माळेवरची धूळ पदराने पुसली. "मराठ्याची बाई ठेवली असेल, असं मी धरून चालले. डुक्कर न खाणारी. मुलंबाळं असतील. भांडायचं तेवढं भांडून झालं, मग गप्प बसले. या खेपेला तो नव्हता, तरी मुद्दाम भरलं. म्हटलं, कधीतरी कुणीतरी मागायला येईल. कोण येतं, ते बघू तरी."

"म्हणून माझी आई."

"म्हणून तुझी आई."

तुळजाबाईला हसू आले आणि तिने ते खाली मान घालून लपवले. मान वर केली तेव्हा कतरीन रस्त्याकडे पाहत होती.

"माळ घेऊन जा," कतरीन म्हणाली. "पण मला तुझ्या सासऱ्याला बघायचंय. बाकी काही नको. लांबून चालेल."

तुळजाबाईने लगेच होकार दिला नाही. फिरंग्यांची बाई नारायण पेठेत दारी आली, तर ती मसाला विकायला आली असे सांगता येईल. पण मसालेवाली म्हाताऱ्यापुढे बसत नाही. भावकी, दिराचे लग्न, सोजरबाईंचा कुड, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांच्यामागून अर्धी भाकरी आली, आणि मग कालचे तीन घास.

"सांजच्याला या," ती म्हणाली.

"मागच्या दारानं येते."

"म्होरल्या दारानं या. मागल्या दारानं आलेल्याकडं लोक जास्ती बघत्यात."

*

कतरीन आली तेव्हा सुभानजी पडवीत घोंगडीवर टेकून बसले होते. तिला त्यांच्यासमोर बसवून तुळजाबाई स्वयंपाकघरात गेली. मधल्या भिंतीला खिडकी नव्हती. नुसता आवाज पोहोचत होता.

"तेल किती घालू?" तिने आतून विचारले.

"घालूच नको. कोरड्या मडक्यात तुकडे टाक, मंद जाळावर. त्यांचं तेच सोडतील."

सोडले. आधी थेंबभर, मग मडक्याच्या बुडाशी तांबडे तळे साचले. बकऱ्याच्या मांसाला एवढी चरबी कुठून, या प्रश्नाचे उत्तर तुळजाबाईला पातळ कापात दिसले: मांसाबरोबर पोटातली चरबीही बारीक चिरून घातली होती. त्या तळ्यात तिने कांदा टाकला, ठेचलेला लसूण टाकला. शिरक्याचा आंबट वास वर आला, तिने नाक जवळ नेले आणि पुन्हा नेले.

"आता?"

"पावटे. वर पाणी. झाकण."

"मसाला?"

"तो आतच आहे."

"येवढंच?"

"एवढंच. दिवसभर तोफ ओढलेल्या माणसांचं कालवण आहे. जास्त कोण करणार?"

पावटे शिजले. तुळजाबाई मडके फडक्यात धरून बाहेर आली तेव्हा दोघे तशीच समोरासमोर बसली होती. उरलेली माळ सुभानजींच्या मांडीवर होती आणि त्यांचा अंगठा एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर सरकत होता. समोरच्या काळ्या लुगड्याकडे त्यांनी पाहिले होते की नाही, ते कळत नव्हते.

तिने डाव्या कानाशी तोंड नेले. काय सांगायचे, ते दुपारभर जुळवून ठेवले होते. पण सुभानजींनी हात वर करून तिला थांबवले.

"कवा?" त्यांनी कतरीनला विचारले.

"कार्तिकात."

शब्द ऐकू गेला नसेल; ओठांवरून कळला असेल. त्यांनी मान हलवली. तुळजाबाईने वाढले. सुभानजींनी एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मीठ नेहमीसारखंच चढं हाय," ते म्हणाले. "पासकूला मीठ कळायचं न्हाई. खारट करायचा."

"मीठ मी घालायची," कतरीन म्हणाली.

त्यांना ते ऐकू आले नाही. तुळजाबाईने कानाशी जाऊन सांगितले. सुभानजींचा घास हातातच थांबला आणि त्यांनी पहिल्यांदा त्या बाईकडे नीट पाहिले.

"मग ही एवढी वर्सं मी हिच्या हातचं खातोय," ते म्हणाले. "तुळजा, ताट आण अजून एक."

पडवीचे दार रस्त्यावर सताड उघडे होते. शेजारच्या ओट्यावर सोजरबाई तांदूळ पाखडत होत्या, आणि त्यांचे सूप थांबले होते. कतरीनने दाराकडे पाहिले, मग तुळजाबाईकडे, आणि उठायला म्हणून हात जमिनीवर टेकला.

"बसा," तुळजाबाई म्हणाली. दार न लोटताच ती त्याच्याजवळून आत गेली. परतताना तिच्या हातात दोन ताटे होती. एक तिने कतरीनपुढे ठेवले आणि दुसरे घेऊन स्वतः शेजारी बसली.

त्या संध्याकाळी सुभानजींनी दीड भाकरी खाल्ली.