माझ्या पोटातले दुसरे घर

मित्रांनो, जळगावच्या पिंप्राळ्यात तोताराम नानांच्या घराच्या माळ्यावर जुन्या सतरंजीखाली एक पिवळट पेटी झाकून ठेवलेली आहे. शेजारी काचेचा जड पडदा आहे. ते दोन्ही मिळून मी. मी एक जुना संगणक आहे. माझे वय जेमतेम तीन वर्षांचे, पण आमच्याकडे म्हातारपण लवकर येते. मी बिघडलो म्हणून मला इथे ठेवले, असे मात्र समजू नका. आजही बटण दाबले तर मी जागा होईन.

माझे भाग मुंबईहून खोक्यांतून आले आणि १९९७ च्या उन्हाळ्यात जळगावच्या एका दुकानात जोडले गेले. माझ्या पोटात एक चकती आहे. आठवणीत ठेवायचे सारे काही तिच्यावरच लिहिले जाते. दुकानदाराने तिचे दोन भाग पाडले. पहिल्याचे नाव सी, दुसऱ्याचे डी. सीमध्ये त्याने विंडोज बसवली. अशा व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्यामुळेच मी जागा होतो आणि सांगितलेले काम करतो.

नाना बोदवडच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. त्यांचा उजवा हात थरथरायचा, पेन धरवत नसे. म्हणून नाशिकला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मला घरी आणले. नाना एका बोटाने टकटक करत टंकलेखन शिकले. त्यांना एक कोश करायचा होता. तो होता त्यांच्या पत्नीच्या, मंजुळाबाईंच्या शब्दांचा.

मंजुळाबाईंचे माहेर धुळ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांची बोली अहिराणी. नाना बोदवडकडचे, त्यांच्याकडची बोली निराळी, आणि त्यात ते मराठीचे मास्तर. लग्नानंतर मंजुळाबाईंनी तोंड उघडले की नाना म्हणायचे, "शुद्ध बोल." पाहुण्यांसमोर म्हणायचे, मुलांसमोर म्हणायचे. हळूहळू बाई घरात कमी बोलू लागल्या. हे मला नानांनीच सांगितले. म्हणजे माझ्यासमोर बसून ते स्वतःशीच बोलायचे, आणि मी ऐकायचो.

निवृत्तीनंतर एकदा नानांनी बायकोला माहेरच्या बायकांबरोबर खळखळून बोलताना ऐकले. घरी परतल्यावर ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी हिला गप्प बसवलं." त्यानंतर त्यांनी कोशाचे काम हाती घेतले.

रोज सकाळी मंजुळाबाई माझ्याशेजारी पाट मांडून भाजी निवडत बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हाऊ डबा मन्ही बोली शिकी का?"

"शिकेल," नाना म्हणाले. "मुलीला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आंडेर."

"वाक्यात सांग."

बाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "आंडेर सासरले गयी, घर सुनं पडनं."

नानांनी शब्द लिहिला, अर्थ लिहिला आणि त्याखाली ते वाक्यही जसेच्या तसे लिहिले. शुद्ध केले नाही. असा एक-एक शब्द करत सव्वा वर्षात दोन हजार सहाशे शब्दांची यादी झाली. ती सारी मी पोटात जपली होती. तीन हजार झाले की कागदावर छापून घ्यायचे, असे नानांनी ठरवले होते.

१९९८ च्या श्रावणात मंजुळाबाईंना लकवा झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. नानांनी त्यांची खाट माझ्यासमोर आणून लावली. आता रोज सकाळी ते यादी उघडून मोठ्याने वाचायचे. एखादा शब्द ऐकला की बाईंचे डोळे चमकायचे, एखाद्या वाक्याला ओठांचा एक कोपरा हलायचा. त्या दोघांचे बोलणे आता तेवढेच उरले होते, आणि ते माझ्याच पडद्यावरून होत होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोलाचे काम होते.

समोरच्या घरात कापड दुकानवाले चंपालाल राहायचे. त्यांची मुलगी कुसुमलता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. मोठी गुणी मुलगी. मंजुळाबाईंच्या आजारपणात रोज डबा घेऊन यायची. तिच्या प्रकल्पासाठी लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम लागत होती. कॉलेजात तिच्या वाट्याला संगणक आठवड्यातून एक तास यायचा. फेब्रुवारीत तिने भीतभीतच विचारले, "नाना, तुमच्या संगणकात विंडोजच्या शेजारी आणखी एक सिस्टिम बसवू का? तुमचं काही हलणार नाही. सुरू करताना तो विचारेल, कुठल्या घरात जायचं? तुम्ही तुमच्या घरात जा, मी माझ्या."

"बसव की," नाना हसून म्हणाले. "एका घरात दोन बिऱ्हाडं सुखानं राहतात."

कुसुमलता निष्काळजी नव्हती, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचे आहे. काम सुरू करण्यापूर्वी तिने विचारले, "नाना, तुमचे शब्द कुठे ठेवलेत?"

"ते मला कुठे कळतं, पोरी? मी हे 'शब्द' नावाचं चित्र दाबतो, की यादी उघडते."

तिने शोधले. सीमध्ये 'शब्द' याच नावाचा कप्पा सापडला. त्याची प्रत तिने दोन फ्लॉपींवर, म्हणजे बाहेर काढून ठेवता येणाऱ्या छोट्या चकत्यांवर, उतरवून घेतली, फ्लॉपींवर नाव घातले आणि त्या नानांच्या हातात दिल्या. पण त्या कप्प्यात होती फक्त मराठी लिहिण्याची सोय. लिहिलेले शब्द दुकानदाराने डीमध्ये ठेवण्याची योजना केली होती, एका आडनिड्या इंग्रजी नावाच्या कप्प्यात. आजूबाजूला त्यानेच भरलेले खेळ होते. अक्षरे फार थोडी जागा घेतात, मित्रांनो. दोन हजार सहाशे शब्द मिळून एका खेळातल्या मोटारीच्या चित्राएवढेही भरत नव्हते. कुसुमलताला वाटले, डीमध्ये नुसता पसारा आहे. तिने दुसऱ्या घरासाठी ती जागा निवडली.

पुसण्याआधी मी विचारले. तेवढे माझे काम मी केले. इथले सगळे नाहीसे होईल, पुढे जाऊ का, असे मी इंग्रजीत विचारले. पण नको असलेली चिठ्ठी पुसतानाही मी असेच विचारतो, त्याच अक्षरांत, त्याच आवाजात. माझा आवाज त्या दिवशी तरी कापायला हवा होता. तिने होकाराचे बटण दाबले. मी पुसून टाकले.

नवी सिस्टिम झकास बसली. मी सुरू होताना दोन नावे दाखवू लागलो. नानांनी आपल्या घराचे, विंडोजचे, नाव निवडले, चित्र दाबले, आणि यादी रिकामी उघडली. त्यांनी पुन्हा दाबले. मग आपल्या हाताकडे पाहून म्हणाले, "माझंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं असेल."

कुसुमलता मागे उभी होती. ती गप्प राहिली असती तर नानांनी जन्मभर स्वतःलाच दोष दिला असता. पण ती पुढे आली.

"तुमचं बोट नाही, नाना. माझं. तुमचे शब्द माझ्या हातून गेले."

"गेले म्हणजे? कुठे गेले?"

ती रडू लागली. नानांनी पडद्यावरून मान वळवली. खाटेवरून मंजुळाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. वाचनाची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी कुसुमलताने माझी चकती काढून टॉवेलात गुंडाळली, मंजुळाबाईंजवळ आपल्या आईला बसवले आणि नानांना घेऊन ती एसटीने धुळ्याला गेली. तिथे वना नावाचे संगणकाचे एक जाणकार होते. त्यांनी दोन दिवस खटपट केली. "पुसल्यावर वर नवं लिहिलं गेलंय," ते म्हणाले. "खालचं थोडं थोडं हाती लागतंय, तेवढं देतो."

तीनशे अकरा तुकडे मिळाले. काही ठिकाणी शब्द होता, अर्थ गेला होता. पुष्कळ ठिकाणी अर्थ उरला होता आणि शब्दच नव्हता.

परत आल्यावर नाना खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. मी पडद्यावर तुकडे दाखवत होतो. एका ठिकाणी फक्त अर्थ होता. नानांनी तो वाचला, "दिवस मावळताना वासरांना घराकडे बोलावण्याची हाक." मग ते बायकोकडे वाकले. यादीतले न वाचता, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून त्यांनी तिच्या बोलीत तोंड उघडले.

"मंजुळा, याले तू काय म्हणस व?"

बाईंनी सारा जीव ओठांत आणला. गळ्याची शीर ताठली. ओठ गोल झाले, मिटले, पुन्हा उघडले. आवाज आला नाही. नानांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. ते नानांनी आपल्या थरथरत्या हाताने पुसले आणि म्हणाले, "राहू दे. कसाले रडस? राहू दे."

त्यानंतर त्यांनी तो अर्थ पुन्हा कधी वाचला नाही.

कुसुमलता म्हणाली, "नाना, ही नवी सिस्टिम मी काढून टाकते."

"ती काढून माझे शब्द परत येणार आहेत का?" नानांनी विचारले. आवाजात धार होती. मग ते निवळले. "तुझी परीक्षा आहे. काम पुरं कर. तू खरं बोललीस, हे मी विसरणार नाही. पण यादी गेली, तेही मला विसरता येणार नाही. दोन्ही आहे, पोरी."

ती पास झाली. तिला पुण्यात नोकरी लागली. मंजुळाबाई त्या मार्गशीर्षात गेल्या. तेराव्यानंतर मुलगा नानांना नाशिकला घेऊन गेला. जाताना नानांनी मला विकू दिले नाही आणि सुरूही केले नाही. त्यांनीच माझ्यावर सतरंजी टाकली.

परवा सुट्टीवर आलेली कुसुमलता माळा झाडायला आली होती. घराची किल्ली समोर तिच्या आईवडिलांकडेच असते. तिच्याबरोबर तिची आई सूरजबाई होत्या. दोघींचे बोलणे मी ऐकले. त्या तीनशे अकरा तुकड्यांचे छापील कागद घेऊन कुसुमलता सुट्टीत मंजुळाबाईंच्या माहेरी जाते, म्हाताऱ्या बायकांजवळ बसते आणि रिकाम्या जागा विचारते. साठ-सत्तर जागा भरल्या आहेत. त्या हाकेची जागा भरलेली नाही. एक आजी म्हणाली, तशी हाक होती खरी, पण आता जिभेवर येत नाही.

मित्रांनो, एका यंत्रात दोन घरे सुखाने नांदू शकतात. दोष दुसऱ्या घराचा नव्हता. नवे जरूर बसवा. पण त्याआधी जुने माणूस आपले मोलाचे कुठे ठेवते, ते त्याच्याजवळ बसून, त्याच्यासमोर उघडून पाहा. नावावर विश्वास ठेवू नका. प्रत घेतलीत तर तीही उघडा आणि आत काय आहे ते वाचा. कुसुमलताने त्या दोन फ्लॉपींपैकी एक जरी उघडली असती, तरी पुरे होते.

आणि तुमच्या घरात वेगळ्या बोलीत बोलणारी आजी असेल, तर तिला शुद्ध बोल म्हणू नका. आज शाळेतून घरी गेल्यावर तिच्याजवळ बसा आणि एक शब्द विचारा. ती सांगेल तेव्हा मोठ्याने म्हणून बघा. मी पुष्कळ काही जपू शकतो, पण तो शब्द तुमच्या तोंडी असेल, तर माझ्यासारख्याच्या हातून तो पुसला जाणार नाही.