मला न्यायला कुणी आलं नाही

मी एक तंतुकणिका बोलतेय. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मेंदूत, त्यांचा हात स्थिर ठेवणाऱ्या एका पेशीत माझं घर आहे. अन्नातून शक्ती काढून पेशीला पुरवायची, हे माझं काम. बाईंना जे दिसतं-ऐकू येतं, ते माझ्यापर्यंतही पोचतं. आमचं कूळ आईकडून लेकीकडे चालतं. बापाला इथे कुणी विचारत नाही!

काय दिवस होते ते! बाई बोलता बोलता सुईत दोरा ओवायच्या. त्यांची काजं गिऱ्हाईक उलटी करून पाहायचं, पण खोट सापडायची नाही.

राबून राबून मी फाटले. शक्ती कमी, विषारी ठिणग्याच जास्त निघू लागल्या. पण आमच्यात त्याची सोय असते. बिघडलेलीच्या अंगावर एक खुणेचं प्रथिन साचतं. ते पाहून दुसरं प्रथिन धावत येतं आणि अंगभर चिठ्ठ्या चिकटवतं: हिला न्या. मग एक पिशवी भोवती मिटते, आत आमचे तुकडे होतात आणि ते नव्या कामाला लागतात. या मरणाची मला कधीच भीती वाटली नाही.

माझ्या अंगावर खूण उमटली. मी वाट पाहत राहिले. चिठ्ठ्या लावणारं प्रथिन आलंच नाही. बाईंच्या शरीरात ते जन्मापासून मोडकंच घडतं, हे फार उशिरा कळलं. माझ्यासारख्या साचत गेल्या. शेजारच्या पेशींतही तेच. त्या एकेक करून विझल्या, आणि बाईंचा हात थरथरू लागला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय गं," त्या लेकीला म्हणाल्या. पोटुशी लेक धावपळ करून नवा चष्मा घेऊन आली.

"आता दिसतं ना नीट?"

"अगं, मुंगीच्या पायातले घुंगरूसुद्धा दिसतील!"

एका दुपारी लेक लवकर घरी आली. साबणाच्या वडीत सुई उभी टोचलेली, आणि बाई दोन्ही हातांनी दोरा धरून नेढ्याशी झगडत होत्या.

"आई, डोळे चांगलेच आहेत ना तुझे?"

"आधी बाळाचं झबलं होऊ दे. मग विचार काय ते."

 तेव्हापासून कामावर जाण्याआधी लेक सुया ओवून साबणात टोचून ठेवते. बाई त्याच सुया उचलून शिवायला बसतात.

काल झबल्याचं शेवटचं बटण राहिलं होतं. सुई हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मी जीव तोडून शक्ती द्यायला गेले, निघाल्या त्या ठिणग्याच. ज्या हातासाठी जन्मभर राबले, तो मीच जाळतेय. फार रडू येतं.

पोरी, माझं बोलणं तुला ऐकू येत नाही, तरी सांगते. तुझ्या बाळात माझ्याच बहिणी येतील. त्या थकल्या की त्यांना वेळेवर न्यायला कुणीतरी येवो. आणि ते बटण तू लावून टाकू नकोस. आईच्या हातावर हात ठेव, आणि तिलाच लावू दे.