दगडापासून तीनशे पावलं

"दोनशे नव्व्याण्णव... तीनशे." नवव्या महिन्याचं पोट सावरत सून हद्दीच्या दगडाशी थांबली आणि त्यावरच हात टेकून तिने श्वास घेतला. "बाबा, घरापासून काल कमी भरली होती."

"काल पाऊल मोठं पडत होतं तुझं," सासरे म्हणाले.

दगडापलीकडे शहर. अलीकडे रेल्वेरूळ आणि कालवा यांच्या बेचक्यात अडकलेली बावीस घरं, ना धड शहराची, ना धड गावाची. बाहेर पडायला हा एकच रस्ता. रुग्णवाहिका दगडापर्यंत येई आणि थांबे. पुढे यायचा तिला हुकूम नव्हता. गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या शेजारणीच्या नवऱ्याला खाटेवर घालून इथवर आणलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

दगड बसवला होता सासऱ्यांनीच, मोजणी खात्यात असताना. नकाशावर सहीही त्यांचीच. दगड सरकवणाऱ्यांना जन्मभर कोर्टात खेचलं आणि निवृत्तीनंतर स्वस्तात घर घेतलं ते नेमकं चुकीच्या बाजूला. करावं तसं भरावं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पहार काढली. शेजारीण न बोलावता हातगाडी घेऊन आली. दोघांनी दगड उपटला आणि सासऱ्यांच्या फाटकाशी आणून पुरला.

"काका, अजून थोडा पुढे?" तिने विचारलं. तिचं घर वळणानंतर होतं.

"एवढी चूक नकाशाची म्हणून खपेल. वळणापलीकडे कोणी विश्वास ठेवायचं नाही."

बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ती पायाने माती दाबत राहिली.

चार दिवसांनी वार्षिक तपासणीला खात्याचा माणूस आला. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, सही तुमची आहे. दगड इथेच होता?"

"इथेच."

त्याचं समाधान झालं नाही. तो शेजारणीकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा."

तिने दगडाकडे पाहिलं.

"इथेच होता. माझ्या माणसाला खाटेवरून इथवरच आणलं होतं. मी विसरेन होय?"

त्याने मान खाली घातली आणि नकाशात चूक असल्याचं लिहून घेतलं. दारात उभी असलेली सून उंबऱ्यावर बसून रडू लागली.

शेजारीण घराकडे निघाली. चार पावलांवर थबकली, दगडाशी परत आली आणि पहिल्यापासून पावलं मोजत घराकडे चालू लागली.