खटक्यावरची चिंधी

"पातं अडकून थांबलं, म्हणजे मशीन बंद झालं असं समजायचं नाही," कंपनीकडून आलेली बाई म्हणाली. "खटका दाबलेला असेल, तर अडकलेलं गवत निघताक्षणी पातं पुन्हा गरकन फिरतं. म्हणून हात घालण्याआधी ही लाल किल्ली काढायची. कळलं ना काका?"

भोंग्याने मान डोलावली. "हो हो, कळलं की!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की बाई दचकून एक पाऊल मागे सरकली आणि भोवती जमलेले वॉर्डबॉय फिदीफिदी हसले.

ह्या आवाजामुळेच त्याला सगळे भोंगा म्हणत. हॉस्पिटलच्या हिरवळीवर सव्वीस वर्षं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन चालवून त्याचा आवाज असा चढला होता, की तो साधं 'येतो' म्हणाला तरी भांडून निघाल्यासारखं वाटे. लोकांना त्याची गंमत वाटायची. आवाज का चढला, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या उजव्या कानाने दहा वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता आणि डावा जेमतेम हजेरी लावत होता. तो निभावून न्यायचा ते सगळं समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून. त्या दिवशी बाई मशीनवर वाकून, पात्याकडे तोंड करून बोलत होती. त्यामुळे तिचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिथल्या प्रत्येकाने ऐकलं. वर छातीच्या वॉर्डातल्या खिडकीत बसलेल्या जुन्या पेशंटने, मास्तरांनीही ऐकलं. ज्याच्यासाठी ते होतं, त्याने तेवढं ऐकलं नाही.

पुन्हा सांगा, म्हणायला काय जात होतं? पण त्याने हॉस्पिटलच्या बॉयलरवाल्याचं काय झालं ते पाहिलं होतं. त्याची नजर अधू झाल्याचं कळलं आणि महिन्याभरात त्याला घरी बसवलं. चांगला धडधाकट माणूस, आता दिवसभर फाटकापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच वेळ विचारतो. मशीनवर काम करायचं तर डोळे-कान शाबूत हवेत, असा नियमच होता. भोंग्याला त्या फाटकाची भीती वाटे. म्हणून तो दहा वर्षं हसत होता आणि मान डोलावत होता.

आणि ते खपूनही जात होतं, कारण जुनं मशीन त्याची बाजू सांभाळायचं. ते फडफडायला लागलं की डॉक्टरसुद्धा खाणाखुणा करत. चालू मशीनच्या माणसाला ऐकू यावं, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. पण त्याच मशीनच्या निळ्या धुराने छातीच्या वॉर्डाला खोकून खोकून बेजार केलं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी वर्षभर तगादा लावून हे बॅटरीचं मशीन आणवलं.

"तुझं मशीन लागलं..." मास्तर एकदा त्याला म्हणाले होते. त्यांना तीन शब्दांनंतर दम घ्यावा लागे. "की आमच्या खिडक्या... बंद. राग नाही हो. सांगितलं फक्त."

त्या दिवशी भोंग्याला जेवण गेलं नव्हतं. आपण पेशंटच्या डोळ्यांना हिरवं दिसावं म्हणून राबतो, अशी त्याची समजूत होती. ती माणसं काचेआड श्वास मोजत आपलं काम संपण्याची वाट बघतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. नव्या मशीनचं नाव निघालं तेव्हा म्हणूनच तो एका शब्दानेही आडवा गेला नाही.

संध्याकाळी घरी बायकोने आधी त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळून आपल्याकडे बघतोय याची खात्री करून मगच ती बोलली. घरात ही रीत आता इतकी अंगवळणी पडली होती, की दोघांनाही ती जाणवत नसे.

"अहो, काय काय सांगितलं त्या बाईंनी?"

"सगळं सांगितलं. बटण, खटका, बॅटरी कशी लावायची."

"तुम्ही ऐकलंत, की नुसती मान डोलावलीत?"

"मला शिकवू नकोस! सव्वीस वर्षं हेच करतोय ना? मशीन ते मशीन. चिंधी देतेस का?"

मुठीजवळचा खटका सतत दाबून धरावा लागतो. सोडला की पातं थांबतं. दिवसभर धरून बोटं बधिर होतात. म्हणून या कामातली माणसं खटका चिंधीने बांधूनच टाकतात. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसतं आणि कुणीही साहेबासमोर कबूल करत नाही. बायको क्षणभर घुटमळली. मग तिने जुनी चादर काढली, तिची एक लांब पट्टी टर्रकन फाडली आणि त्याच्या डब्यासोबत ठेवली.

पहिले चार दिवस भोंग्याचा जीव टांगणीला लागला होता. जुन्या मशीनची थरथर त्याच्या तळपायांपर्यंत यायची. हे नवं चालू आहे की नाही, तेच कळेना. मग त्याने युक्ती काढली: तळवा झाकणावर टेकवायचा. हुळहुळलं तर चालू, नाहीतर बंद. सव्वीस वर्षं हातांनी त्याला कधी फसवलं नव्हतं.

पण खरी पंचाईत निराळीच होती. मशीन गप्प, त्यामुळे माणसं बोलू लागली. छातीच्या वॉर्डाच्या खिडक्या सताड उघडल्या गेल्या. पेशंट वरून काहीबाही विचारायचे, हात करायचे. भोंगा नुसता हसायचा. एकदा वॉर्डातली सिस्टर जिन्याच्या पायरीवरून तीन वेळा हाक मारून थकली आणि शेवटी समोर येऊन उभी राहिली.

"काय हो, नवं मशीन आलं तर भाव खाताय का? कधीची हाक मारतेय!"

"कामात होतो, सिस्टर."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हसली नाही. जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. त्या दिवसापासून तो खिडक्यांकडे पाठ करून काम करू लागला. पाठमोऱ्या माणसाला कुणी काय विचारणार?

सातव्या दिवशी गवत दवाने ओलंचिंब होतं. ऊन वर येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण वॉर्डात वर्दळ सुरू व्हायच्या आत त्याला खिडकीखालचा पट्टा उरकायचा होता. अर्ध्यावर मशीन अडलं. गवत उडायचं थांबलं. भोंग्याने तळवा झाकणावर टेकवला. काही हुळहुळलं नाही. त्याने मशीन कुशीवर कलतं केलं, गुडघा टेकला आणि बाही वर सारली. पात्याभोवती ओल्या गवताचा गच्च बोळा बसला होता. लाल किल्ली जागच्या जागी होती. खटका चिंधीने घट्ट बांधलेला होता.

वरून मास्तरांनी ते पाहिलं. दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून, छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ते ओरडले.

"किल्ली!"

सगळा वॉर्ड खडबडून उठला. फाटकापाशी उभ्या असलेल्या बॉयलरवाल्यानेही मान वळवली. जिन्यात सिस्टरच्या हातातला ट्रे पडला आणि ती धावत सुटली. सकाळ इतकी शांत होती, की तो शब्द हॉस्पिटलभर गेला. खाली, मास्तरांपासून वीस पावलांवर, भोंगा स्वतःशी काहीतरी पुटपुटत बोळा ओढत होता.

बोळा निघाला.

दोन बोटं गेली. उजव्या हाताचं मधलं आणि त्याच्या शेजारचं. दुसऱ्या वॉर्डांत जागा नव्हती, म्हणून ऑपरेशननंतर त्याला छातीच्या वॉर्डातच खाट मिळाली, मास्तरांच्या समोर. मास्तरांच्या नाकाला नळी होती. त्या एका हाकेने त्यांची होती नव्हती ती ताकद संपवली होती. ते डोळे मिटून पडून होते. खिडकी उघडी होती.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरसाहेब कागद घेऊन आले. बायको उशाशी बसली होती.

"हे बघ, सरळ लिहून टाकू," साहेब म्हणाले. "मशीनमध्ये बिघाड होता, बंद असताना आपोआप सुरू झालं. तुझ्यावर बालंट नाही, माझ्यावरही नाही. हे धूड परत पाठवू. जुनं आहेच की शेडमध्ये. बरा झालास की ये परत."

बायकोने खांद्याला हात लावून एकेक शब्द त्याच्या समोर पुन्हा उच्चारला. 'ये परत' तिने दोनदा उच्चारलं. भोंग्याला सगळं समजलं. एका सहीत सव्वीस वर्षं जशीच्या तशी परत मिळत होती: फडफड, धूर, खाणाखुणा, हसणं आणि मान डोलावणं. त्याने समोरच्या खाटेकडे पाहिलं. मास्तरांची छाती हळूहळू वरखाली होत होती. त्यांच्या पांघरुणावर खिडकीतून ऊन आलं होतं.

"मशीन चांगलं आहे साहेब," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"मला ऐकू येत नाही! दहा वर्षं झाली!"

हे त्याच्या नेहमीच्या आवाजात होतं, त्यामुळे वॉर्डाच्या टोकापर्यंत गेलं. कुणी फिदीफिदी हसलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते काहीतरी म्हणाले. बायकोने ते पुन्हा उच्चारलं नाही. तिने मान खाली घातली होती. भोंग्याने ते साहेबांच्या ओठांवर वाचलं, बॉयलरवाल्याला सांगितलं होतं तेच, आणि मान डोलावली. या वेळी त्याला खरंच समजलं होतं.

घरी सोडलं त्या सकाळी तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली धोबीखात्यातला माणूस मशीन चालवत होता. ओळी वाकड्या जात होत्या. चालवता चालवता त्याने दोन्ही हात सोडून कपाळाचा घाम पुसला, आणि मशीन थांबलं नाही. खटक्यावर चादरीची पट्टी अजून होती. आयती बांधलेली मिळाली म्हणून तो खूश असणार.

भोंगा जिना उतरला. बायको पिशवी घेऊन मागोमाग धावली. तो सरळ हिरवळीत शिरला, मशीनच्या समोर जाऊन उभा राहिला आणि धोबी गडबडून मागे सरकला. भोंग्याने आधी डाव्या हाताने लाल किल्ली उपसली आणि बायकोच्या हातात दिली. मग तो खटक्याशी वाकला. डाव्या हाताला गाठ सुटेना, म्हणून त्याने दात लावले. गाठ त्यानेच मारलेली होती, घट्ट. वरच्या खिडकीत मास्तर येऊन उभे राहिले होते. गाठ सुटेपर्यंत सगळे नुसते बघत राहिले.