टेमाला कामी येणारा सेल

बॅटरीत दोन सेल लागतात. एक उतरला की दुसऱ्याचाही उजेड मंद होतो.

आमच्याकडं जुनी माणसं अनोळख्याला गाव विचारत नाहीत. नाळ कुठं पुरली, ते विचारतात.

म्हैस भरवायची तर जनावरांच्या दवाखान्यातला माणूस गाडीला डबा बांधून येतो. झाकण काढलं की पांढरा धूर निघतो. म्हैस मान फिरवते.

सिंधूबाईची शेळी भल्या पहाटे व्याली.

शिवाची नखं पांढरी पडली होती.

*

जवळा बाजारचा आठवडी बाजार, सन २००६. कापसाच्या गाड्या लागतात त्या मोकळ्या जागेत माणूस मावत नव्हता. पांढऱ्या गाडीच्या टपावर कर्णा, पुढं टेबल, टेबलावर डबा. गळ्यात दुर्बीण अडकवावी तसा स्टेथोस्कोप अडकवलेले सेलवाले साहेब झाकण उचलत. धूर उकळून वर यायचा, टेबलावरून खाली सांडायचा. बाया हात जोडायच्या.

"मायबापहो, लेकरासोबत देवानं खजिना धाडला. नाळ. अन् तुमी तो मातीत गाडता. ह्या नाळेच्या रगतात स्टेम सेल. लकवा, साखर, मोतीबिंदू, कोनतीबी बीमारी सांगा, सेल तयार."

"अन् सर्दीला?" मागून कुणीतरी विचारलं.

"सर्दीला अर्धा."

'स्टेम' कुणाला कळलं नव्हतं. बाजारानं त्याचा 'टेम' केला. टेमाला कामी येतो तो टेम-सेल. आणि सेल तर सगळ्यांना ठाऊक. उतरला की काढायचा, नवा टाकायचा. इतक्या पटकन इतकं चुकीचं मी वर्गात कधी शिकवू शकलो नाही.

मी शिरड शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पाण्यानं दिवा पेटवणारा पाहिला, नारळातून केस काढणारा पाहिला. खेळ मोडतो, माणूस पुढच्या गावी जातो, सामान बदलतो. त्या दिवशी मी भेंडी घेऊन सरळ निघालो होतो. तेवढ्यात कर्ण्यातून आमच्याच गावाचं नाव आलं.

"शिरड शहापूरचे प्रभू मेंढरंवाले. मोठ्या पोराला थॅलेसेमिया. धाकटा नुकताच जन्मला. त्याच्या नाळेचं रगत आमी तपासलं. मोठ्या भावाशी शंभर टक्के जुळलं. आता नांदेडच्या चकरा बंद."

टाळ्या पडल्या. मी पिशवी खाली ठेवली.

*

शिवा माझ्या वर्गातला. त्याच्या अंगात रक्त नीट बनत नाही. महिन्याला नांदेडला नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागतं. चढवलं की मैदानभर पळतो. मग हळूहळू मंद होतो, बाकावर डोकं टेकतो. या खेपेला बाकही रिकामा होता.

तसाच त्याच्या घरी गेलो. शिवा घोंगडीवर पडला होता. प्रभू कुंपणाला काटे लावत होता.

"प्रभू, नांदेडला कधी निघता?"

"न्हाई गुरुजी. साहेब म्हणले, बाहेरचं रगत घातलं की आतला सेल रुसतो. येत्या पुनवेला डब्यातला थेंब जिभेवर देणार हायेत."

"जिभेवर?"

"तुमाला काहून खुपून राहिलं? शहरातले मोठे लोक लेकराच्या नाळेचं रगत ठेवतेत. टीव्हीवर दावतेत. आमी ठेवलं की अंधश्रद्धा व्हय?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून उत्तर लांबलं. नाळेच्या रक्तात नवं रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, हे खरं. पण ते रक्त बाळ जन्मताच निर्जंतुक पिशवीत घेतात, तपासतात, भयंकर थंडीत ठेवतात. भावंडांत चारांत एखाद्याचंच जुळतं. जुळलं तर मोठ्या इस्पितळात ठेवून शिरेतून देतात. मोतीबिंदूला आणि सर्दीला त्याचा उपयोग नाही.

"अन् तोवर रक्त थांबवलं, तर पोराचं हृदय दमतं, प्रभू. ते थांबायला वेळ लागत नाही."

"पन आमचं जुळलं की. साहेबानं तपासलं."

सिंधूबाई, प्रभूची आई, करडाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा हात थांबला.

"साहेबानं दिलेल्या बाटलीत रक्त कुणी भरलं?" मी विचारलं.

"आईनं. मी मेंढरामागं होतो."

सिंधूबाईनं मलाच उलटं विचारलं, "गुरुजी, तुमची नाळ कुठं पुरली?"

"वसमतला."

"मंग जीव तिकडं वढतो का न्हाई?"

"ओढतो."

"वढतोच. नाळ दाराबाहेर गेली तर पोरगं घरात टिकत न्हाई. मी कशी देऊ बाटलीत घालून? सुईण जिवनबाईनं कापली, न्हाणीपाशी पुरली. वार, नाळ, समदं."

"मग बाटलीत काय होतं?"

ती करडाकडं बघत राहिली. "शेळीबी त्याच पहाटं व्याली होती."

आत बाळंतिणीच्या बाजेवरून शिवाच्या आईचा, राधिकाचा, आवाज आला. हसली की रडली, कळलं नाही.

"आई, तू खोटं बोलून राहिली," प्रभू म्हणाला.

"चल की बाजारात. साहेबालाच इचारू."

मी एकच अट घातली: शिवालाही घ्यायचं. जवळा बाजारहून नांदेडची एसटी मिळते.

*

बाजार उठायच्या आत जीप पोचली. सिंधूबाई गर्दी हातानं बाजूला करत टेबलापाशी गेली.

"साहेब, माझ्या नातवाचं रगत बराबर जुळलं ना?"

"शंभर टक्के, माय. भावाला भाऊच."

"तुमी सोता तपासलं?"

"मशीननं. दोन डाव."

तिनं पदराखालचं करडू टेबलावर ठेवलं. "मंग हा शिवाचा सख्खा भाऊ. बाटलीत ह्याच्या नाळेचं रगत हाय."

करडू ओरडलं. मग मागून आवाज आला, "मशीनला शिंगं दिसली न्हाईत का?"

हशा पसरला. साहेब म्हणाले, बाटली बदलली असेल, लॅबला फोन लावतो. तेवढ्यात गर्दीतल्या पुंजाजीनं डबा फिरवून पाहिला. त्याचा सारा जन्म म्हशींत गेलेला.

"हा रेड्याचं बीज ठेवायचा डबा हाय. मोडीतला."

त्यानं डबा कलता केला. गरम पाणी सांडलं आणि पांढरे खडे. तो कोरडा बर्फ. गरम पाण्यात टाकला की असाच धूर निघतो. घरी कुणीही करून बघावं, फक्त हातानं धरू नये, चटका बसतो. जमलेल्या बाटल्या गाडीच्या मागं गोणीत होत्या, उन्हात. रक्त काळं पडलेलं. एकाही बाटलीवर नाव नव्हतं. उघडायचीच नव्हती, तर नाव कशाला.

प्रभू ते बघत उभा होता. मग त्यानं शिवाला खांद्यावर घेतलं आणि एसटीकडं चालू लागला.

साहेबांना ठाण्यात नेलं. पुढं ते दुसऱ्या जिल्ह्यात दिसल्याचं ऐकलं. आता गुडघ्याचं तेल विकतात म्हणे.

गर्दी पांगताना एका बाईनं मला गाठलं. "गुरुजी, मंग खरा डबा कुठं भेटतो? माझ्या सुनेला सातवा लागलाय."

मी दमलो होतो. तरी बोललो, आणि तेच इथं पुन्हा लिहितो. डबा नंतर शोधा. आधी विचारा, कशावरून? कुणी तपासलं, कसं तपासलं, मला दाखवतोस का? विज्ञानाचं नाव घेतलं म्हणून ते विज्ञान होत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेला उपचार सोडू नका.

सिंधूबाईलाही सांगितलं. नाळ पुरल्यानं पोरगं टिकत नाही. रक्त मिळालं तर टिकतं.

"टिकू द्या, मंग मानंन," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "धाकट्याचं आता तपासता येत न्हाई का?"

"येतं. नाळ गेली तरी भाऊ आहे. पण चारांत एक."

"म्हंजी तीनदा न्हाई."

"हो."

"तपासा."

शिवाला रक्त चढलं. महिना सरत आला की तो अजूनही बाकावर डोकं टेकतो.

धाकट्याची नाळ पुरली त्या पहाटे खड्ड्यावर माती शिवानंच लोटली होती. पायानं.