रडक्या बँडचा ट्रम्पेट

मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका खोलीच्या भिंतीवरून बोलतोय. खिळ्याला टांगलेला, पितळेचा, तीन खटक्यांचा ट्रम्पेट. बोलतोय म्हणजे काय, मनातल्या मनात. मला स्वतःचा श्वास नाही. कुणी फुंकलं तर आवाज निघतो, आणि तोही फुंकणाऱ्याच्या मनातला. आज मात्र मला माझं सांगायचंय आणि वेळ थोडा आहे.

माझा जन्म मेरठचा. कारागिरानं पत्रा ठोकून, वाकवून, घासून मला उन्हात धरलं तेव्हा माझ्यात त्याचा घामेजलेला चेहरा दिसला. खूश झाला तो. तेव्हापासून मला चकाकायची हौस लागली. ती नसती तर बरं झालं असतं.

शिरपूरकडच्या एका लग्नाच्या बँडनं मला घेतलं. तिथले वाल्मिक मास्तर कडक. नव्या पोरांना ते आधी एकच गोष्ट शिकवायचे. वाजवण्यापूर्वी माझ्या तोंडाला तोंड लावून हवा आत ओढायची. नळीत काही अडकलं असेल तर तिथेच कळतं, भर मांडवात फजिती होत नाही. उखा त्यांच्याकडे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. मास्तरांची ही शिस्त त्यानं जन्मभर पाळली.

पण उखाचं खरं शिक्षण त्याआधीच झालं होतं. त्याची आई गावात कुणी गेलं की सूर धरून रडायची. गेलेल्या माणसाची एकेक आठवण काढत, हेल देत. बाकीच्या बायका तिच्या मागून रडायच्या. लहानगा उखा तिच्या मांडीवर बसून ते ऐकायचा. मास्तरांनी त्याला सिनेमाची गाणी शिकवली, तीही तो चोख वाजवायचा. नवरीची पाठवणी आली की मात्र माझ्यातून त्याच्या आईचं रडणं बाहेर यायचं.

मास्तर गेले, बँड मोडला. अठ्ठ्याऐंशी साली उखा मला गोधडीत गुंडाळून सुरतेला आला आणि कापड रंगवायच्या मिलमध्ये लागला. राहायला मिळालेल्या चाळीत त्याला दोघे भेटले. भिकन धुळ्याकडचा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. इथे त्यानं हातगाडीवर कॅशिओ, म्हणजे विजेची पेटी, मांडला, पण बोटं भजनाचीच राहिली, संथ. बाबुराव परभणीकडचा, तमाशाच्या फडातला ढोलकीवाला. फड बसला म्हणून लूमवर आलेला. हात असा चपळ की बघत राहावं, पण उखाचा सूर लागला की त्याची थाप आपोआप मऊ पडायची.

तिघे लोकांना नाचवायला म्हणून निघाले आणि रडवून परत आले. चाळीतल्या पोरींनी नाव ठेवलं, रडका बँड. तेच चाललं. वरातीला लोक दुसऱ्यांना सांगायचे, पाठवणीला आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंत्ययात्रेला आम्हाला.

माणसं एकमेकांचे चेहरे बघतात, मी श्वास बघतो. भिकन कधी गंमत म्हणून फुंकायचा तर अभंगाएवढा लांब श्वास यायचा. बाबुरावाचा तुटक, तंबाखूचा. उखाचा श्वास मला पाठ होता. म्हणून शहाण्णवच्या उन्हाळ्यात तो बदलला ते सगळ्यांत आधी मला कळलं. त्याच्या तळाशी बारीक शिट्टी वाजत होती. मी न वाजवलेली. मला भीती वाटली.

त्याच्या बायकोनं, मंगलाबाईनंही ऐकली. लेकीच्या नावानंच ती त्याला हाक मारायची. "योगिताना आबा, छाती वाजी ऱ्हायनी तुमनी. डागदरले दखाडा."

"कानबाई व्हई जाऊ दे, मंग दखाडसू."

श्रावणातली कानबाई म्हणजे खानदेशी घरातला मोठा सण. रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत निरोप. त्याआधी घराला चुना लागतो आणि घरातलं सगळं पितळ घासून निघतं. मंगलाबाई हंडे-कळशा चिंचेनं घासत बसली होती. उखानं मला खाली काढलं आणि फळीवरचा हायड्रोचा डबा उघडला.

हायड्रो म्हणजे मिलमधली पांढरी भुकटी, कापडावरचा रंग उडवणारी. सगळे कामगार सुटी झाली की तिनंच हात धुतात. लाल-निळे झालेले हात पांढरे होतात. ज्यानं हात निघतात त्यानं पितळ निघेलच, असा उखाचा सरळ हिशेब.

मंगलाबाई म्हणाली, "चिच शे ना घरमा."

"चिचनं कव्हय निंघी? दख, सोनं करी देसू याले."

आणि केलंच त्यानं सोनं. मला कबूल करायला लाज वाटते, पण मी हरखून गेलो. त्यानं मूठभर भुकटी माझ्या नळीतही ओतली, आतूनही उजळावा म्हणून. मग मला नळाखाली धरलं, तर पाणी गेलेलं. तांब्याभर ओतून त्यानं काम उरकलं. वर चुन्याचा धुरळा जाऊ नये म्हणून माझ्या भोंग्यात फडकं कोंबलं, तोंडाला चिंधी बांधली आणि मला खिळ्याला लावलं.

भिजलेला एक गोळा माझ्या वळणात चिकटून बसला होता. हळूहळू तो तापायला लागला. आगकाडी ओढल्यासारखा उग्र वास माझ्या पोटात भरत गेला आणि बाहेर जायला वाट नव्हती. खोलीत नैवेद्याच्या रोटांचा घमघमाट, बायकांची गाणी. मी ओरडलो असतो हो. पण कुणाच्या श्वासानं ओरडू?

सोमवारी सकाळी चाळीतल्या बायका डोक्यावर कानबाई घेऊन निघाल्या. उखानं फडकं काढलं, चिंधी सोडली, मला तोंडाला लावलं आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे हवा आत ओढली. छाती भरून.

त्याचे डोळे पाण्यानं भरले. खोकला त्यानं गिळला आणि फुंकायला लागला. श्वास फाटलेला, सूर चिरलेला. मी मुद्दाम घोगरा झालो, बेसूर झालो. कुणीतरी थांबवेल असं वाटलं मला. पण लोकांना वाटलं, आज उखानं कमाल केली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबुराव मान डोलवत म्हणाला, "काय वाजिवलं, उखाभाऊ! काळीज हालिवलं."

खाडीपाशी देवीला निरोप देईपर्यंत तो वाजवत राहिला. मग मला मांडीवर घेऊन खाली बसला. ओठ निळे पडले होते. भिकननं रिक्षा आणली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, मिलच्या धुरानं छाती कधीचीच पोखरली होती. खोटं नाही बोलले ते. अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं माझ्या पोटात होतं, आणि तिथे कोण बघतो?

उखाला रडका बँड पोचवायला निघाला तेव्हा ट्रम्पेट नव्हता. नुसती ढोलकी आणि कॅशिओ. मी इथे खिळ्यावर.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. दोन कानबाया मुक्या गेल्या. यंदा भिकन आणि बाबुराव घरी आले ते योगिताला वाजवायला न्यायला. उखाची ही पोरगी आता सतरा वर्षांची, साड्यांना घड्या घालायला जाते. लहानपणी बाप पाळीवर गेला की ती मला काढून फुंकायची. एकदा उखानं पकडलं, आणि रागावण्याऐवजी शिकवायलाच बसला. आजीचं रडणं तिच्या श्वासात जसंच्या तसं उतरलंय. तिच्या मोकळ्या छातीतून ते निघालं की मला वाटतं, एवढ्यासाठीच मला ठोकून घडवलं. पण गेल्या थंडीत तिच्याही श्वासाच्या तळाशी मी ती बारीक शिट्टी ऐकली.

मंगलाबाई आधी नको म्हणाली. "पोर वाजाडी, तं लोक काय म्हनतीन?" मग स्वतःच डोळे पुसून हो म्हणाली.

आज शनिवार. भिंतींना चुना लागलाय. मंगलाबाई हंडा पुढ्यात घेऊन विचारतेय, "चिच देऊ का वं?"

"नको, मम्मी. आबा हायड्रोनंच घासायचे. एकदम नवुं लागशे, जो ने!" सुरतेत वाढलेली पोर, नवं दिसेल हेही गुजरातीत सांगते.

मला चकाकायचं नाही आता. काळा पडू दे मला, हिरवा पडू दे. तुम्हाला तर स्वतःचा श्वास आहे, कुणीतरी दारातून तिला हाक मारा. सांगा, पोरी, चिंच घे. सांगा, उद्या-परवा तोंड लावशील तेव्हा हवा आत ओढू नकोस. हे ती ऐकणार नाही कदाचित, कारण ते तिला बापानं शिकवलंय.

तिनं मला मांडीवर घेतलंय. डब्याचं झाकण उघडलंय. नळाला अजून पाणी आलेलं नाही.